अर्धा घास

माझ्या भावाचं नाव मासाउत्सो. आमच्या भाषेत त्याचा अर्थ हालअपेष्टा. तो जन्मला त्या वर्षी सरोवराच्या काठाने पटकीची साथ आली होती, म्हणून आईने ते ठेवलं. डर्बनमध्ये त्याचं नाव वुसी होतं. हे नाव एका मेलेल्या माणसाचं. त्या माणसाचं ओळखपत्र, जन्मतारीख, गाव, सगळं माझ्या भावाने अंगावर चढवलं आणि सोळा वर्षं उतरवलं नाही.

हे सांगताना मला लाज वाटत नाही. ज्या देशात जिवंत माणसाला कागद मिळत नाही आणि मेलेल्याचा मिळतो, तिथे जिवंत माणूस मेलेल्याच्या नावाने जगतो. यात न कळण्यासारखं काही नाही.

मी त्याच्या मागून नऊ वर्षांनी आले. मलावीहून तीन दिवसांचा बसप्रवास, पाय सुजलेले. तो स्टँडवर घ्यायला आला तेव्हा त्याने माझी पिशवीसुद्धा उचलली नाही. माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला. भिंतीच्या आडोशाला गेल्यावर थांबला आणि म्हणाला, "एलुबे, नीट ऐक. रस्त्यात भेटलो तर तू मला ओळखत नाहीस. नळावर भेटलो तरी नाही. मी मेलो तरी रडत यायचं नाही. माझी बायको इथली आहे, पोरी इथल्या आहेत. मी पण इथलाच आहे."

मी म्हटलं, "बरं, दादा."

"दादा पण नाही," तो म्हणाला.

टेकडीवर पत्र्यांची वस्ती होती. तो वरच्या अंगाला राहायचा, इथल्या लोकांच्यात. मला खालच्या गल्लीत खोली मिळाली. तिथे सगळे आमच्यासारखेच, मलावीचे, मोझांबिकचे, दोन-चार काँगोचे. मी पुलाखाली बायकांच्या वेण्या घालायचे. एकदा त्याची बायको झांडिले थोरल्या पोरीला घेऊन माझ्याकडे आली. माझी भाची. अडीच तास तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिची आत्या आहे हे ना तिला माहीत, ना तिच्या आईला. वेणी मी फार घट्ट घातली म्हणून पोरगी रडली. मी ती सोडून पुन्हा घातली.

तर दादाने सगळं सोडलं होतं. भाषा सोडली. झोपेत बोलू नये म्हणून दारू सोडली. आईला फोन करणं सोडलं. आईशी माझ्या फोनवरून, माझ्या खोलीत, हळू आवाजात बोलायचा. पण रविवारचं जेवण त्याला सोडता आलं नाही. जिभेला कागद लागत नाही ना.

दर रविवारी दुपारी तो चर्चला जातो असं सांगून बाहेर पडायचा आणि मागच्या नाल्याच्या कडेने माझ्याकडे यायचा. खिळ्यावर त्याचा एक जुना शर्ट टांगलेला असे. आल्याबरोबर अंगातला शर्ट काढून तो घालायचा, म्हणजे वास चांगल्या कपड्याला लागत नाही. मग भिंतीला टेकून बसायचा. मी तांब्या आणि परात घेऊन गुडघे टेकायचे, त्याच्या हातावर पाणी घालायचे. थोरल्या भावाला उभ्याने पाणी घालायचं नसतं आमच्यात. तो हात धुऊन दोन्ही तळवे पोकळ करून दोनदा हलकेच वाजवायचा. आमच्याकडे आभार असेच मानतात. सात वर्षांत एकही रविवार हे चुकलं नाही.

आता लोक म्हणतील, मक्याचं पीठ तर तिथेही मिळतं, तिथले लोकही तोच घाटा खातात, मग एवढं काय? मिळतं. पोत्यातलं, गिरणीचं, कचकच लागणारं. आमच्या घाट्याला न्सिमा म्हणतात, ती त्याची होत नाही. मका उखळात सडून कोंडा काढायचा, कण्या तीन दिवस पाण्यात भिजत ठेवायच्या, आंबूस वास सुटेपर्यंत. मग धुवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि मग दळायच्या. ते पीठ हातात घेतलं की भस्मासारखं बोटांतून निसटतं. मी कण्या बादलीत भिजवायचे आणि पत्र्यावर वाळवायचे. शेजारची मोझांबिकवाली नाक दाबून विचारायची, "एलुबे, तुझ्या खोलीत कोण मेलंय?" मी म्हणायचे, "तुझा नवरा असेल, बघ घरी आहे का." ती हसायची. पुढच्या आठवड्यात वाटीभर पीठ मागायला तीच यायची.

आणि त्याबरोबर उसिपा. आमच्या सरोवरातली बोटाएवढी मासळी, वाळूवर वाळवलेली, चांदीच्या चुऱ्यासारखी. ती डर्बनमध्ये एकाच बाईकडे मिळायची, पुलाखालच्या बाजाराच्या शेवटच्या टोकाला. जूमाची आई. तिचा भाचा बसवर क्लीनर होता, तो सीटखालून पोती आणायचा. पोतं आलं की ती ओरडून विकायची नाही. आम्ही वासाने जायचो. कुठून कुठून बाया यायच्या, दोन बसा बदलून. मूठभर उसिपा तळहातावर घेऊन नाकाशी धरायच्या आणि काही न बोलता उभ्या राहायच्या. जूमाची आई म्हणायची, "वास घेऊन झाला असेल तर विकत पण घ्या, आयाबायांनो. वासाने माझं पोट भरत नाही."

जेवण झालं की दादा हाताला टूथपेस्ट चोळायचा. साबणाने तो वास जात नाही. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, कोपरापर्यंत पांढरा फेस करायचा, धुवायचा, हुंगायचा, पुन्हा चोळायचा. मग चांगला शर्ट घालून वुसी होऊन निघून जायचा.

एप्रिलमध्ये आई गेली. गुरुवारी सकाळी मावशीचा फोन आला. पुरणं शनिवारी.

आमचं ठरलेलं होतं. गावाकडे कोणी वारलं तर मी तो काम करतो त्या गोदामाच्या फाटकावर जायचं आणि परक्या बाईसारखं विचारायचं, भाऊ, इस्पितळ कुठे आहे? मी गेले. तो वर्दीत उभा होता. बाजूला दुसरा पहारेकरी होता. मी विचारलं. दादाने हात लांब करून रस्ता दाखवला, डावीकडे, मग सरळ. हात लांब धरूनच, ओठ न हलवता म्हणाला, "आई?"

मी मान हलवली.

"शनिवारी येतो," तो म्हणाला. "तिच्यासारखं कर."

आमच्या घरची रीत आहे. पुरून आल्यावर हात धुवायचे आणि सगळ्या भावंडांनी एका ताटात जेवायचं. कोणी लांब असेल तर जिथे असेल तिथे, पण त्याच दिवशी. नाहीतर मेलेलं माणूस पोरं मोजत बसतं, उठत नाही. यावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही दोघंच भावंडं होतो. बाकीची तीन पटकीत गेली.

त्या आठवड्यात शहर बिघडलं होतं. दुसऱ्या वस्त्यांत आमच्यासारख्या बाहेरच्यांची दुकानं फोडली, एक सोमाली दुकानदार आतच जळाला. बाजार अर्धा रिकामा होता. जूमाची आई पोती बांधून बसली होती, भाच्याची गाडी येण्याची वाट बघत. मी उसिपा मागितली तर माझ्याकडे बघत राहिली. "घर पेटायला आलंय आणि हिला कालवण सुचतंय," ती म्हणाली. मी कारण सांगितलं. मग तिने बांधलेलं पोतं सोडलं, तळाची, न चुरलेली मासळी दोन ओंजळी भरून काढून माझ्या फडक्यात घातली. गाठ स्वतः मारली. म्हणाली, "शिजवताना दार लाव, पोरी. वासाला पाय नसतात, तरी तो चालत जातो."

कण्या माझ्याकडे भिजवलेल्या होत्याच. शुक्रवारी वाळवल्या, दळून आणल्या.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मोझांबिकवाली धावत आली. वरच्या फुटबॉलच्या मैदानावर इथल्या लोकांची सभा होती, आम्हाला हाकलायची. घरटी एक पुरुष आलाच पाहिजे, जो येणार नाही त्याचा कागद बघितला जाईल असं कर्णा लावून सांगत होते. तिने पोरं गोळा केली आणि निघाली. मला म्हणाली, चल. गल्ली दहा मिनिटांत ओस पडली.

मी गेले नाही. ही माझी पहिली चूक. मला कळत होतं की दादा सभेला गेलाच असणार. तिथून तो सुटला आणि इकडे आला, तर त्याला रिकामी खोली दिसायला नको. मी स्टोव्ह पेटवला. दार लावलं. कांदा, टोमॅटो, उसिपा, डोकी न काढता, आई करायची तशी. पालेभाजीत शेंगदाण्याचं कूट. मग न्सिमा. ओल्या कलथ्याने एकेक गोळा उचलून ताटात थापायचा, एकावर एक, गुळगुळीत, अंड्यासारखा. सहा गोळे केले. खोलीत एवढा वास भरला की मी घटकाभर नखोटाकोटाला होते, सरोवरावर, आईच्या चुलीपुढे. त्या घटकेची किंमत पुढे सांगतेच.

ते आले तेव्हा गाणं म्हणत आले. गल्लीच्या तोंडाशी पत्रे बडवण्याचा आवाज. मी फटीतून बघितलं. तीस-चाळीस माणसं गल्लीत पसरली होती, दारं लाथेने उघडत होती. माझ्या बाजूला सहा जण आले. पुढे शेझी. आणि चौथा माझा भाऊ, हातात काठी.

शेझी टॅक्सी थांब्यावरचा माणूस. पन्नाशीचा, दणकट, खोकला झालेला. त्याचा मुलगा तीन वर्षं बिनकामाचा बसून होता हे सगळ्या टेकडीला माहीत होतं. ज्यांनी त्याला काम दिलं नाही त्यांचे बंगले समुद्राच्या बाजूला होते, कुंपणात वीज सोडलेले. तिकडे शेझी गेला नाही. त्याची काठी माझ्या पत्र्यापर्यंतच पोचत होती. गरिबाचा राग असाच असतो, तो उतारावरून खाली वाहतो. मला त्याची कीव करायला सांगू नका. ज्यांना वेळ आहे त्यांनी करावी.

दादाचा आवाज ऐकू आला, तिथल्या भाषेत, "ही खोली रिकामी आहे, मघाच बघितली. पुढे चला."

शेझी थांबला. त्याने नाक वर केलं.

दार त्याने लाथेने नाही, हाताने उघडलं. मी भिंतीशी उभी. त्याने मला बघितलं, मग ताट बघितलं. सकाळपासून ही माणसं उपाशी होती. एक जण नाकावर हात धरून ओकारीचा आवाज काढत होता, पण त्याची नजर गोळ्यांवरून हलत नव्हती. शेझी खाली बसला. म्हणाला, "एवढं कोणासाठी केलंस? नवरा आहे?"

मी म्हटलं, नाही. आज माझ्या आईला पुरलं.

हे खरं सांगायची गरज नव्हती. तोंडातून गेलं. शेझी म्हणाला, "मग पाहुण्यांना जेवायला घाल. मयताचं जेवण परत पाठवू नये." आणि बाकीच्यांना हसून, "हात धुवायला पाणी दे. आम्ही रानटी नाही, ते तुम्ही."

मी तांब्या आणि परात घेतली. पहिल्यांदा शेझीच्या हातावर पाणी घातलं, उभ्यानेच. कमरेत वाकलेसुद्धा नाही. मनात म्हणत होते, हातावर पाणी नाही, आग पडो. दुसऱ्याला उभ्याने घातलं. तिसऱ्याला उभ्याने. तो तरणा होता, त्याने बोटांवरून पाणी माझ्या तोंडावर उडवलं.

मग दादा.

मी शपथ घालून घेतली होती त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून. बघितलं नाही. फक्त हात बघितले. पुढे आलेले, पालथे, मग उताणे झालेले दोन हात, उजव्या अंगठ्यावर लहानपणीच्या सुरीचा व्रण. सात वर्षं ते हात असेच समोर येत होते. आणि माझे गुडघे टेकले. मी टेकले नाहीत, ते टेकले. मान खाली गेली, डावा हात उजव्या मनगटाला लागला, जसा लागायला पाहिजे तसा. मी पाणी घातलं. त्याने हात धुतले, आणि धुऊन झाल्यावर तळवे पोकळ करून दोनदा हलकेच वाजवले.

स्टोव्हचा आवाज तेवढा होता.

शेझीने उचललेला गोळा ताटात परत ठेवला. हळू बोलला, ओरडला नाही. "माझी धाकटी बहीण मला असंच पाणी घालते," तो म्हणाला. "मला घालते, बापाला घालायची. परक्याला नाही."

त्यांच्यातही तीच रीत आहे. म्हणून तर त्याला कळलं. आम्ही इतके वेगळे असतो तर माझा भाऊ वाचला असता.

दादा म्हणाला, "घाबरली असेल."

"घाबरली असती तर माझ्यापुढे बसली असती," शेझी म्हणाला. "ही तुझी कोण?"

"कोणी नाही."

इतकं स्वच्छ बोलला, त्यांच्याच हेलात, की मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं. मी मधेच म्हणाले की माझा गुडघा दुखतो, तो मुडपला. तरण्याने मला गप्प बस म्हणून पायाने ढकललं. शेझीने माझ्याकडे बघितलंही नाही. ताट दादापुढे सरकवलं.

"मग तू आधी खा, वुसी. कोणाच्या का आईचं असेना."

दादाने न्सिमा तोडली. तळहातावर गोल केली, अंगठ्याने खळगा पाडला, त्यात दोन मासे आणि रस्सा घेतला. मोठा घास होता. तोंडात घातला. चावला. मी त्याचा गळा बघत होते. मग त्याने तोंड वेडंवाकडं केलं, बाजूला वळला आणि जमिनीवर थुंकला. "गटाराचं पाणी पाजलंय माशाला," तो म्हणाला. "ही माणसं हे खातात, आणि मग आपल्या बायकांच्या शेजारी येऊन बसतात."

सगळे हसले. शेझीही हसला, पण उशिरा.

"चांगलं," शेझी म्हणाला, आणि खिशातून काडेपेटी काढून त्याच्या मांडीवर टाकली. "घाण आहे, तर साफ कर."

मला बाहेर ओढलं. मी पिशवी तेवढी उचलली होती, तिच्यात कागद आणि फोन. दादाने माझ्याच स्टोव्हचं रॉकेल ओतलं. आधी गादीवर, मग पडद्यावर, मग खिळ्यावरच्या त्याच्या जुन्या शर्टावर. हे बरोबर केलं त्याने, शर्ट राहायला नको होता. पहिली काडी विझली. मी बाहेर उभी राहून मनात म्हणत होते, पेटव, लवकर पेटव, हात थरथरू देऊ नकोस, तो तुझे हात बघतोय. दुसरी काडी पेटली.

मी त्याला तेव्हा माफ केलं. नंतर माफी परत घेतली. मग पुन्हा केली. हे अजून चालू आहे.

आम्हाला शहराबाहेरच्या एका मैदानात नेऊन ठेवलं, पांढऱ्या तंबूंत. सकाळी पाव, संध्याकाळी डब्यातला राजमा. बसा येतील आणि ज्याला त्याला आपापल्या देशात सोडतील असं सांगत होते. जूमाची आई शेजारच्या तंबूत होती. तिचं पोतं बाजारातच जळालं. ती म्हणाली, "दोन दिवस सगळ्या पुलाखाली आपल्या गावाचा वास येत होता, पोरी. कोणी घ्यायला आलं नाही."

सहाव्या दिवशी कुंपणाशी मला कोणीतरी विचारत आलं. झांडिले होती. हातात प्लास्टिकची पिशवी, डोक्याला फडकं घट्ट. पोलिसाने आत सोडलं नाही, म्हणून आम्ही जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो.

मी म्हटलं, वेणी घालायची असेल तर माझा कंगवा जळाला.

ती हसली नाही. "सात वर्षं," ती म्हणाली, "दर रविवारी माझ्या नवऱ्याच्या हातांना टूथपेस्टचा वास येतो. हात कोण घासतं टूथपेस्टने? मला वाटलं बाई आहे."

"बाईच होती," मी म्हटलं.

"हो. तुम्ही गुडघे टेकल्याचं शेझीच्या माणसांनी सांगितलं. आता कळलं कोण." तिने जाळीला बोटं अडकवली. मग सांगितलं ते असं. त्या शनिवारपासून तो जेवलेला नाही. ताट पुढे घेतो, हात धुतो, बसून राहतो. पोरी म्हणतात, बाबा जेवा, तर उठून बाहेर जातो. कामावर जातो, येतो. गालफडं बसली आहेत. आणि शेझी रोज संध्याकाळी दारावरून जातो. थांबतो, वुसीला हाक मारतो, काय चाललंय विचारतो, आणि बोलता बोलता नाक वर करतो.

"तो मरेल, ताई," ती म्हणाली. "मला शिकवा ते कसं करतात. पीठ कुठलं, मासा कुठला. मी दार लावून करीन. त्याला सांगणार पण नाही मला माहीत आहे म्हणून. फक्त पुढे ठेवीन."

ताई म्हणाली मला. सात वर्षांत त्या टेकडीवर मला कोणी नात्याने हाक मारली नव्हती.

तोंडात सगळं आलं होतं माझ्या. मका सड. तीन दिवस भिजव, चौथ्या दिवशी नको, कडवट होतो. वाळवताना फडकं झाक, नाहीतर धूळ बसते. पाणी उकळायच्या आधीच मूठभर पीठ कालवून घाल. कलथा ओला ठेव. मासळीची डोकी काढू नकोस, तो डोकी आधी खातो, लहानपणापासून. हे सगळं तिला सांगायला पाच मिनिटं लागली असती. ती हुशार बाई होती, पहिल्याच वेळेला जमलं असतं तिला. आणि तीन दिवस त्या कण्यांचा आंबूस वास तिच्या दारातून बाहेर गेला असता, वरच्या अंगाला, जिथे दुसऱ्या कोणाच्याच घरातून तो येत नाही. तिसऱ्या दिवशी शेझी आला असता.

हे एक कारण. दुसरंही होतं, तेही सांगते. माझ्या आईचं जेवण थुंकून त्याने माझं घर जाळलं होतं, आणि मला वाटलं, राहू दे त्याला उपाशी. दोन्ही कारणं एकाच वेळी मनात होती. कुठलं मोठं होतं ते मी शोधायला गेले नाही.

"तुमची चूक होतेय, बाई," मी म्हटलं. "तुमचा नवरा इथलाच माणूस आहे. त्याला तुमचंच अन्न द्या."

"ताई."

"तो माझा कोणी नाही."

तिला कळलं. बाईमाणसाला कळतं, आणि कळूनही काही करता येत नाही हेही कळतं. तिने पिशवी जाळीवरून माझ्याकडे टाकली आणि गेली. पिशवीत वाफवलेला पाव होता, त्यांच्या घरी करतात तसा, अजून कोमट. मी आणि जूमाच्या आईने तो खाल्ला. चांगला होता. मीठ थोडं कमी.

बसने चौथ्या दिवशी नखोटाकोटाला पोचले. किनाऱ्यावर लांबच लांब मांडवांवर उसिपा वाळत होती, कोंबड्या त्यातून चालत होत्या, कोणाला तिचा वाससुद्धा येत नव्हता. आईच्या खोलीत तिची चटई गुंडाळून ठेवली होती. मावशीने ताट वाढलं. मी हात धुतले आणि बसून राहिले.

मावशीने एकच विचारलं. बाकी बायका घर कसं जळालं, बस कशी होती, किती मेले, हे सगळं विचारत होत्या. मावशीने त्यांना हाताने गप्प केलं. "त्या दिवशी तुम्ही दोघं जेवलात ना?" तिने विचारलं. "एका ताटात? तुझी आई रोज रात्री माझ्या स्वप्नात येऊन मोजत बसते."

मला तो घास आठवला. न्सिमा मी केलेली, गोळा मी थापलेला, त्याने किती तोडली ते मी बघितलं होतं. घास केवढा होता ते मला माहीत आहे. आणि जमिनीवर पडलं तेही मी बघितलं होतं, तरण्याने मला पायाने ढकललं होतं तेव्हापासून मी खालीच होते, ते माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर पडलं. मासे नव्हते त्यात. पीठही सगळं नव्हतं.

"मी नाही जेवले," मी मावशीला म्हटलं. "त्याने अर्धा घास गिळला."

मावशीने तांब्या उचलला, आणि मी तिच्यापेक्षा लहान असूनही माझ्यापुढे गुडघे टेकून माझ्या हातांवर पुन्हा पाणी घातलं.

"अर्ध्याचं काय ते मी तिला सांगते," ती म्हणाली. "उरलेला तू खा."